जुन्या अमेरिकन गाडीचा प्रोपेलर शाफ्ट: बदलण्याआधी काय बघायचं

भोसरी एमआयडीसीत आमचं प्रोपेलर शाफ्टचं, म्हणजे गिअरबॉक्सची ताकद मागच्या चाकांकडे नेणाऱ्या दांड्याचं वर्कशॉप आहे. रोजचं काम ट्रक, टेम्पो आणि जीपचं. जुन्या अमेरिकन गाड्या अधूनमधून येतात आणि मालकाची मागणी बहुतेक वेळा ठरलेली असते: "हा नळीतला बंद शाफ्ट काढा आणि साधा उघडा शाफ्ट बसवा." त्यांना कोणीतरी सांगितलेलं असतं की बंद शाफ्ट म्हणजे डोकेदुखी, पार्ट मिळत नाहीत, क्लच काढायचा तर अख्खी गाडी खोलावी लागते. यातलं थोडंफार खरं आहे. पण हे काम शाफ्ट बदलण्यापुरतं नसतं, आणि ते न कळल्यामुळे चांगल्या गाड्यांची वाट लागलेली मी पाहिली आहे. म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

शाफ्टला पाना लावण्याआधी एका प्रश्नाचं उत्तर काढा: ही गाडी ढकलतं कोण?

मागची चाकं रस्त्याला रेटतात, रस्ता त्यांना पुढे रेटतो. हा जोर अ‍ॅक्सलमधून चासीपर्यंत कुठल्या तरी वाटेनं पोचला तरच गाडी पुढे जाते. मागून ढकललेल्या हातगाडीचा दांडा जे काम करतो ते इथेही कोणाला तरी करावंच लागतं. दुसरी गोष्ट, इंजिन जोर लावतं तेव्हा डिफरन्शियलमधलं छोटं चक्र (पिनियन) मोठ्या चक्रावर (क्राउन) चढायला बघतं आणि डिफरन्शियलचं नाक वर उचललं जातं. ब्रेक दाबला की तेच नाक खाली जातं. ही पिळवटही कोणीतरी धरून ठेवावी लागते. अमेरिकन कंपन्यांनी या दोन कामांसाठी मुख्यतः दोन वाटा निवडल्या.

पहिली वाट टॉर्क ट्यूबची. डिफरन्शियलच्या तोंडाला बोल्टनं आवळलेली एक जाड नळी सरळ गिअरबॉक्सच्या मागच्या गोळ्यापर्यंत (नळीला हलू देणाऱ्या गोल सांध्यापर्यंत) येते. शाफ्ट या नळीच्या आत फिरतो. नळी स्वतः फिरत नाही. ती पुढचा जोर गिअरबॉक्सवर आणि तिथून माउंटिंगमार्फत चासीवर देते, पिळवटही तीच सोसते. शाफ्टचा सांधा एकच, पुढे गोळ्याच्या आत.

दुसरी वाट हॉचकिस पद्धतीची. शाफ्ट उघडा, दोन्ही टोकांना क्रॉस (चार खुंट्यांचा युनिव्हर्सल जॉइंट), आणि ढकलण्याचं व पिळवट धरण्याचं सगळं काम मागच्या कमानपाट्यांकडे. पाट्याचा पुढचा डोळा चासीला पक्का असतो, तिथूनच गाडी ढकलली जाते. आपल्या जीपला आणि अँबॅसिडरला हीच रचना होती, त्यामुळे आपल्याकडचे उस्ताद या रचनेला सरावलेले आहेत.

आता तुमची गाडी कुठली ते बघू. फोर्डनं १९०८ च्या मॉडेल टीपासून १९४८ पर्यंत टॉर्क ट्यूब सोडली नाही. त्या फोर्डला मागे आडवा एकच पाटा होता, आणि आडवा पाटा गाडीला पुढे ढकलू शकत नाही, म्हणून नळी आणि तिच्या दोन्ही बाजूंचे तिरपे रॉड मिळून ते काम करत. १९४९ च्या नव्या मॉडेलमध्ये उभे पाटे आले आणि शाफ्ट उघडा झाला. शेवरलेला बंद शाफ्ट १९५४ पर्यंत होता, १९५५ च्या व्ही-एट मॉडेलपासून उघडा. ब्युइकनं १९३८ मध्ये मागे कॉइल स्प्रिंग आणली आणि टॉर्क ट्यूब १९६० पर्यंत ठेवली. कॉइल फक्त वजन झेलते, ढकलायचं काम तिला जमत नाही, त्यामुळे ब्युइकमध्ये ते काम नळीच करायची. नॅश आणि नंतर रॅम्बलरच्या मोठ्या गाड्यांत ती १९६६ पर्यंत टिकली. क्रायस्लरच्या घरातल्या प्लिमथ, डॉज, डी सोटो मात्र उघड्या शाफ्टच्या, स्टुडबेकरही तशीच.

पुण्यात दिसणाऱ्या शेवरले बहुतेक बंद शाफ्टच्या का असतात, याचं उत्तरही या सनावळीतच आहे. जनरल मोटर्सचा मुंबईतला शिवडीचा कारखाना १९२८ ला सुरू झाला आणि १९५४ ला बंद पडला. म्हणजे तिथे जोडलेली अगदी शेवटची गाडीसुद्धा टॉर्क ट्यूबच्या जमान्यातली. उलट डॉज आणि प्लिमथ कुर्ल्याला प्रीमियरच्या कारखान्यात जोडल्या गेल्या, त्या उघड्या शाफ्टच्या. तरीही सनावर विसंबू नका. साठ-सत्तर वर्षांत किती हातांनी गाडी खोलली असेल सांगता येत नाही. खाली जाऊन बघा. पुढच्या चाकांना ठोकळे लावा, मागे नुसता जॅक नको, घोड्या (स्टँड) ठेवा. डिफरन्शियलपाशी क्रॉस दिसला तर शाफ्ट उघडा. क्रॉस न दिसता जाड नळी थेट डिफरन्शियलला बोल्टनं जोडलेली असली तर टॉर्क ट्यूब. पाटे दिसले म्हणून पाटेच ढकलतात असं मात्र धरून चालू नका. १९५३ च्या शेवरलेला उभे पाटे आहेत, तरी ढकलते नळीच.

नळी असेल तर आधी ती वाचवा

माझं स्पष्ट मत आहे: टॉर्क ट्यूब शाबूत असेल तर ती ठेवा. शाफ्टला धूळ लागत नाही, चिखल लागत नाही, सांध्याला तेल मिळत राहतं. खराब होतात ते बुश, सील आणि गोळ्याचं पॅकिंग. या तिन्ही गोष्टी पुण्यात बनवून घेता येतात.

शेवरलेमध्ये सुरुवात डिफरन्शियलच्या लेव्हल प्लगपासून करा. गाडी सपाट जमिनीवर उभी करून प्लग सोडा. तेल धारेनं बाहेर आलं तर खूश होऊ नका. लगेच गिअरबॉक्सचा प्लग सोडून बघा, तिथे बोट घातलं तर तेल लागणार नाही. गिअरबॉक्सचं तेल पुढच्या सांध्याला मिळावं म्हणून गोळ्यात येतं, आणि नळीच्या पुढच्या टोकाचा बुश व सील झिजले की शाफ्टच्या कडेनं मागे डिफरन्शियलमध्ये उतरतं. तिथे पातळी वाढली की ते अ‍ॅक्सलच्या सीलमधून ब्रेकच्या शूजवर जातं. म्हणजे मालक ब्रेक लागत नाही म्हणून येतो आणि दुखणं निघतं गिअरबॉक्सच्या मागे. अशा वेळी नुसतं व्हील सील बदलून गाडी परत देणं म्हणजे काम अर्धवट सोडणं.

गोळा उघडाल तेव्हा आतला भाग कापडानं कोरडा पुसून उजेडात धरा. गोळ्याचा पृष्ठभाग आरशासारखा नसला तरी चालेल, पण त्यावर आडवी चर पडली असेल तर नवं पॅकिंगही तेल धरणार नाही. चर नखाला लागली की गोळा लेथवर घ्यावा लागतो. बाहेरच्या कॉलरखाली पातळ शिम (पत्र्याच्या चकत्या) असतात, त्या किती आणि कुठल्या बाजूला होत्या ते लिहून ठेवा. शिम कमी पडल्या तर गोळा जाम होतो, जास्त झाल्या तर गळती लागते. गोळा हातानं जोर लावून हलावा, पण खडखडता कामा नये. मग सांधा बघा: क्रॉसच्या चारही खुंट्यांवरून नख फिरवा. सुयांच्या (नीडल बेअरिंगच्या) जागी बारीक उभ्या रेघा नखाला अडल्या की क्रॉस गेला. तो कितीही चकचकीत दिसत असला तरी परत बसवू नका.

बुशसाठी जुना बुश फेकू नका, त्याच्यावरूनच माप मिळतं. फॉस्फर ब्राँझचा बुश कोणीही चांगला टर्नर करून देईल. शाफ्ट त्या जागी झिजला असेल तर आधी शाफ्टची जागा ग्राइंड करून घ्या, मगच बुशचं आतलं माप ठरवा. हा क्रम उलटा झाला की बुश दुसऱ्यांदा बनवावा लागतो.

फोर्ड आणि ब्युइकमध्ये गिअरबॉक्स काढायचा तर मागचा अ‍ॅक्सल मागे सरकवावा लागतो, ही तक्रार खरी आहे. म्हणून अ‍ॅक्सल एकदा मागे आला की क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग, गिअरबॉक्सची मागची सील हे सगळं एकाच वेळी उरका.

उघडाच शाफ्ट करायचा ठरला तर

मध्यंतरी एक गाडी आली होती, कॉइल स्प्रिंगची. आधीच्या गॅरेजनं टॉर्क ट्यूब कापून तिथे टेम्पोचा शाफ्ट बसवला होता, शाफ्टचं वेल्डिंगही सुबक होतं. पण ढकलायला आणि पिळवट धरायला काहीच उरलं नव्हतं. गिअर टाकला की अ‍ॅक्सल पुढे सरकायचा, ब्रेक दाबला की मागे. अशी गाडी दिवे घाटात उतरताना काय करेल याची कल्पना करवत नाही.

तेव्हा हिशेब असा आहे. कॉइलच्या गाडीची नळी काढायची तर तिच्या जागी खालचे-वरचे मिळून चार आर्म आणि त्यांचे ब्रॅकेट चासीला वेल्ड करावे लागतात. आडव्या पाट्याच्या फोर्डला उभे पाटे किंवा आर्म द्यावे लागतात. उभ्या पाट्यांच्या गाडीत काम त्या मानानं सोपं, पण तिथेही अ‍ॅक्सल उघड्या शाफ्टचाच हवा, पाट्यावरची सीट (पाटा बसतो ती बैठक) त्या अ‍ॅक्सलला पक्की वेल्ड केलेली हवी, आणि गिअरबॉक्सला मागून स्वतंत्र क्रॉसमेंबर लागतो का ते बघावं लागतं.

चासीला वेल्डिंग करण्याआधी कागदपत्रांचाही विचार करा. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या गाडीची 'व्हिंटेज' म्हणून नोंदणी होते आणि तिला व्हीए मालिकेचा नंबर मिळतो. पण त्यासाठी गाडी मूळ स्वरूपात हवी, चासी, बॉडी किंवा इंजिनात बदल केलेला नको. चार आर्मचे ब्रॅकेट हा चासीतला बदल ठरू शकतो. आधी आरटीओत विचारा, मग वेल्डिंगवाल्याला बोलवा.

लांबी आणि व्यास

शाफ्ट किती लांब चालेल, हा प्रश्न उघड्या शाफ्टमध्ये सर्वात महत्त्वाचा. उघडा शाफ्ट स्वतःच पोकळ नळीचा असतो; अशा प्रत्येक नळीचा एक वेग असतो, त्या वेगाला ती मधोमध धनुष्यासारखी वाकून फिरायला लागते. बॅलन्सिंग कितीही उत्तम असो, त्या वेगापाशी गेलात तर शाफ्ट तुटतो. स्टीलच्या नळीसाठी हिशेब असा: बाहेरच्या व्यासाचा वर्ग अधिक आतल्या व्यासाचा वर्ग, या बेरजेचं वर्गमूळ काढा. त्याला बारा कोटी दहा लाखांनी गुणा आणि लांबीच्या वर्गानं भागा. सगळी मापं मिलिमीटरमध्ये, लांबी क्रॉसच्या मध्यापासून क्रॉसच्या मध्यापर्यंत. उत्तर आरपीएममध्ये, म्हणजे मिनिटाला किती फेरे, असं येतं.

तीन इंची नळी घ्या, बाहेरून ७६.२, आतून ७२. लांबी १५०० असेल तर उत्तर सुमारे ५६०० येतं. याच्या ७० टक्के, म्हणजे ३९०० च्या आसपास, ही माझी वरची मर्यादा. तीच नळी १३०० लांबीची केली तर उत्तर ७५०० वर जातं. लांबी थोडी कमी झाली तरी फरक मोठा पडतो, कारण ती वर्गानं मोजली जाते.

आता रस्त्यावर शाफ्ट किती फिरतो? २८ इंची टायर आणि ३.७ चं डिफरन्शियल धरलं तर ताशी १०० किलोमीटरला सुमारे २७५० आरपीएम. एक्स्प्रेस-वेवर १२० नं गेलात तर ३३०० च्या जवळ. ओव्हरड्राइव्हचा (जादा वेगवान टॉप गिअरचा) गिअरबॉक्स टाकला की इंजिन हळू फिरतं, पण शाफ्ट तेवढाच फिरतो, कारण तो डिफरन्शियलला बांधलेला आहे. हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला मुद्दाम सांगतो.

लांबी फारच जास्त असेल तर दोन तुकड्यांचा शाफ्ट आणि मध्ये सेंटर बेअरिंग. शेवरलेनं १९५८ मध्ये एक्स आकाराची चासी आणली तेव्हा हेच केलं. तीन क्रॉस, मध्ये रबरात बसवलेलं बेअरिंग. तुमच्याकडे अशी गाडी असेल तर आधी ते रबर दाबून बघा, बहुतेक वेळा ते सडलेलं असतं आणि दोष शाफ्टच्या माथी मारलेला असतो. याच्या अगदी उलट धाडस पॉन्टिअॅकनं १९६१ च्या टेम्पेस्टमध्ये केलं: गिअरबॉक्स मागे डिफरन्शियलपाशी आणि मध्ये बोटभर जाडीचा भरीव, मुद्दाम खाली वाकवलेला शाफ्ट, एकही क्रॉस नाही. १९६३ नंतर ते बंद झालं. अशी गाडी कधी हाती आली तर मी आनंदानं बघेन, पण त्या रचनेची नक्कल करायला कोणाला सांगणार नाही.

नळी घेताना प्रोपेलर शाफ्टसाठीचीच घ्या, सीडीडब्ल्यू (वेल्ड करून थंड ओढलेली) किंवा सीमलेस (बिनजोडाची). पाण्याची जीआय लाइन या कामाची नव्हे. वेल्डिंगनंतर व्ही-ब्लॉकवर ठेवून मधोमध डायल लावा. काटा पाव मिलिमीटरपेक्षा जास्त हलला तर नळी आधी सरळ करून घ्या, मग बॅलन्सिंगला द्या. वाकडा शाफ्ट वजनं चिकटवून 'बॅलन्स' करून मिळतो, पण तो टिकत नाही.

कोन

एका क्रॉसमधून कोनात फिरताना शाफ्टचा वेग एकसारखा राहत नाही, एका फेऱ्यात दोनदा कमी-जास्त होतो. दोन क्रॉस समान कोनात आणि दोन्ही फोर्क (क्रॉस धरणारे काटे) एका रेषेत असले की पुढच्यानं केलेला बिघाड मागचा भरून काढतो. टॉर्क ट्यूबमध्ये क्रॉस एकच असल्यानं ही सोय नाही, म्हणून तिथे इंजिनाचे माउंटिंग रबर बसले की थरथर सुरू होते. रबर बदलल्यावर ती गेलेली मी पाहिली आहे.

मोजताना गाडी चाकांवर उभी हवी, अ‍ॅक्सल लोंबकळत असताना घेतलेलं माप निरुपयोगी. पिट किंवा चार खांबी रॅम्प वापरा. मोबाइलमधलं लेव्हल अ‍ॅप चालतं, डिजिटल अँगल गेज असेल तर उत्तम. गिअरबॉक्सचा उतार, शाफ्टचा उतार, पिनियनचा उतार असे तीन आकडे लिहा. समजा गिअरबॉक्स मागे ३ अंश उतरतो, शाफ्ट ५ अंश, आणि पिनियनची रेष पुन्हा ३ अंश. म्हणजे दोन्ही क्रॉसवर २-२ अंश. हे उत्तम. शून्य अंशही नको, सुया जागेवरच डुलत राहतात आणि खुंटीवर खड्डे पाडतात. अर्धा ते तीन अंशांच्या दरम्यान ठेवा. पाट्यांच्या गाडीत जोर लागला की नाक वर येतं, म्हणून उभ्या गाडीत ते एखादा अंश खाली ठेवतात. त्यासाठी पाटा आणि सीटमध्ये पाचर घालतात. पाचर स्टीलची घ्या, ॲल्युमिनियमची चेपते.

डॉज-प्लिमथवाल्यांसाठी

यांच्या कित्येक मॉडेलमध्ये पुढे क्रॉस नसतो. एका डब्यात आडवी पिन, तिच्या दोन टोकांवर सुयांचे गोळे, वर रबरी बूट. हा सांधा वाकतो आणि पुढे-मागे सरकतोही, म्हणून स्लिप योक (शाफ्टचं पुढे-मागे सरकणारं दातेरी टोक) लागत नाही. बूट फाटला की ग्रीस जातं आणि पिन झिजते. पिन प्रेसनं काढायची, आणि परत बसवताना ती शाफ्टच्या बरोबर मध्यावर यायला हवी. जरा इकडे-तिकडे झाली की सगळा शाफ्ट थरथरतो. हातोड्यानं ठोकून हे काम करणाऱ्याकडे गाडी ठेवू नका.

आणि एक जिवाची गोष्ट. या गाड्यांचा हँडब्रेक चाकांवर नसून गिअरबॉक्सच्या मागच्या ड्रमवर असतो. शाफ्ट काढला की हँडब्रेक कितीही ओढा, चाकं मोकळीच. ठोकळे लावल्याशिवाय एकही बोल्ट सोडू नका.

बसवताना

उघडा शाफ्ट काढण्याआधी दोन्ही टोकांना सेंटर पंचनं खुणा करा. स्लिप योक एक दात चुकून बसला तरी थरथर येते. क्रॉस गाडीच्या नावानं मागू नका, व्हर्निअर घेऊन जा. क्रॉसच्या खुंटीवरच्या कॅपचा व्यास २७ आणि टोकापासून टोकापर्यंत ८१.८ मिलिमीटर आलं तर तो स्पायसर कंपनीचा १३१० साइझ, तो नाना पेठेत विचारा, जीपच्या दुकानातही चौकशी करा. क्लॅरेन्स स्पायसरनं या सांध्याचं पेटंट १९०३ मध्ये घेतलं, आणि त्याच्या कंपनीच्या मापांचा उपयोग आपल्याला आजही होतो. स्लिप योक पूर्ण आत ढकलून मग २० ते २५ मिलिमीटर बाहेर राहील अशी लांबी ठेवा. आपल्याकडच्या गतिरोधकांवर अ‍ॅक्सल बराच वर येतो, जागा नसेल तर योक गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर आपटतो. ग्रीस चारही कॅपमधून नवं बाहेर येईपर्यंत भरा. एखाद्या कॅपमधून येत नसेल तर शाफ्ट हलवून पुन्हा दाबा. पुढच्या क्रॉसखाली लोखंडी पट्टीचं कडं जरूर लावा, क्रॉस तुटला तर शाफ्टचं टोक रस्त्यात रुतणार नाही.

मग मोकळा रस्ता बघून चाचणी घ्या. ताशी ८० ला चाक सेकंदाला सुमारे दहा वेळा फिरतं आणि शाफ्ट सदतीस वेळा. त्यामुळे सीट किंवा स्टिअरिंग डुलत असेल तर आधी चाकं बघा, आणि तळातून घुमल्यासारखा आवाज येत असेल तर शाफ्ट. तोच आवाज न्यूट्रलमध्येही तसाच राहिला तर बॅलन्सिंग, ॲक्सिलरेटर दाबल्यावर वाढला आणि सोडल्यावर गेला तर कोन. कात्रजचा घाट चढताना हे लगेच कळतं. पाचशे किलोमीटर झाल्यावर पाट्यांचे यू-बोल्ट आणि फ्लँजचे बोल्ट पुन्हा आवळा, आणि बंद शाफ्टची शेवरले असेल तर डिफरन्शियलचा लेव्हल प्लग पुन्हा एकदा सोडून बघा.